अनुमान, अनुमती आणि प्रतिसाद : सेन्सरयुक्त वेबपृष्ठांच्या मराठीचा विचार

१

वेबपृष्ठ म्हणजे वाचावयाचे पान, ही कल्पना आता अपुरी पडू लागली आहे. मोबाइलच्या पडद्यावर उघडलेले पान वाचक वाचीत असतो तेव्हा पानही वाचकाच्या परिस्थितीचे काही वाचन करीत असते. पडदा केवढा आहे, तो उभा धरला आहे की आडवा, हातातील यंत्र कोणत्या बाजूस कलले आहे, ते पृथ्वीवर नेमके कोठे आहे, या गोष्टी यंत्रातील सेन्सर टिपतात आणि ब्राउझर त्या पानास पुरवितो. पान आणि ब्राउझर यांच्यामधील या देवघेवीचे जे ठरीव नियम असतात त्यांस एपीआय म्हणतात. पानाने कोणता प्रश्न कोणत्या रूपात विचारावयाचा आणि ब्राउझरने त्याचे उत्तर कोणत्या रूपात द्यावयाचे, हे त्यात ठरलेले असते. मिळालेल्या उत्तरानुसार आपली मांडणी व मजकूर बदलणाऱ्या पानास ‘रिस्पॉन्सिव्ह’ हे विशेषण लावितात. ईथन मार्कोट यांनी २०१० साली ही संज्ञा योजिली तेव्हा पडद्याच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलणे, एवढाच तिचा अर्थ होता. पुढे सेन्सरांची भर पडत गेली तसतसा तिचा अर्थविस्तार झाला.

या विषयावरील लेखन बहुधा तंत्राच्या अंगाने होते. पान किती लवकर उघडते, सेन्सरचे वाचन किती अचूक असते, यंत्राची विद्युत्‌शक्ती किती खर्च होते, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. तथापि पान अखेरीस वापरणाऱ्याशी बोलते ते भाषेत. तेव्हा त्याच्या बोलण्याची परीक्षा भाषेच्या कसोट्यांनी होणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे सांगता येईल : सेन्सरकडून पानास मिळते ते अनुमानाचे साधन, पान मात्र ते वापरणाऱ्यापुढे ठेविते आप्तवाक्याच्या रूपात. या रूपांतरात अनुमानातील अनिश्चितता लोप पावते, आणि तिची किंमत पानाला नव्हे, तर वापरणाऱ्याला मोजावी लागते. हे प्रतिपादन तपासण्यासाठी पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांचे क्षेत्र निवडिले आहे. शेतात सेन्सर, हातात मोबाइल आणि मोबाइलवर मराठी मजकूर, असा योग तेथे प्रत्यक्ष जुळून आला आहे.

२

‘रिस्पॉन्सिव्ह’ या शब्दासाठी मराठीत ‘प्रतिसादी’, ‘प्रतिसादक्षम’ असे पर्याय सुचविले जातात. ‘प्रतिसाद’ या शब्दात ‘साद’ गृहीत आहे. एकाने हाक घालावी आणि दुसऱ्याने ओ द्यावी, असा हा व्यवहार होय. सेन्सरयुक्त पानाच्या बाबतीत पहिला प्रश्न उद्भवतो तो हाच की, साद कोणी घातली? मोबाइल आडवा झाला म्हणजे पान आडवे होते. वापरणाऱ्याने काही सांगितलेले नसते. कदाचित तो नुसता कुशीवर वळलेला असतो. यंत्राने टिपले ते एक लक्षण. पानाने त्यास साद मानले.

लक्षण आणि साद यांतील भेद भाषाविचारास नवा नाही. पॉल ग्राइस यांनी १९५७ मध्ये अर्थासंबंधी जो निबंध प्रसिद्ध केला त्यात नैसर्गिक अर्थ व अनैसर्गिक अर्थ असा विभाग केला आहे. अंगावरील पुरळाचा अर्थ गोवर, हा पहिला प्रकार. वक्त्याने श्रोत्यास काही कळावे म्हणून केलेल्या उच्चाराचा अर्थ, हा दुसरा. आपल्याकडील न्यायदर्शनाने याच सीमेच्या आसपास अनुमान आणि शब्द ही दोन प्रमाणे वेगळी केली. पर्वतावरील धुरावरून अग्नीचे ज्ञान होते ते अनुमान. विश्वासू, जाणत्या माणसाच्या सांगण्यावरून होते ते शब्दप्रमाण. अनुमान करणाऱ्यापुढे धूर असतो, म्हणून तो धूर की धुके, याची शहानिशा त्यास करिता येते. शब्दावर विश्वासणाऱ्यापुढे धूर नसतो. सांगणाऱ्याची योग्यता हाच त्याचा आधार.

सेन्सरयुक्त पान या दोहोंच्या मध्ये उभे आहे. त्याच्या पाठीशी धूर असतो आणि तोंडी शब्द असतो. त्या शब्दातून धूर कितपत दिसतो, हा समीक्षेचा खरा प्रश्न आहे.

मराठीचे व्याकरण या कामी दुबळे नाही. ‘पाऊस पडला’, ‘पाऊस पडला असावा’ आणि ‘पाऊस पडला असेल’ ही तीन वाक्ये कोणीही मराठी भाषक एकमेकांच्या जागी वापरणार नाही. पहिल्यात विधान आहे; दुसऱ्यात ओल्या अंगणासारख्या काही खुणेवरून काढलेला निष्कर्ष आहे; तिसऱ्यात अंदाज आहे. ज्ञानाचा उगम क्रियापदाच्या रूपातच सांगण्याची ही सोय यंत्राच्या मराठीत मात्र क्वचितच वापरलेली आढळते. यंत्राच्या मराठीत विधान आणि आज्ञा या दोहोंचीच चलती असते.

३

बारामती व इंदापूर या तालुक्यांच्या दक्षिण अंगाने नीरा वाहते. इंदापूरच्या उत्तरेस व पूर्वेस भीमा आणि तिच्यावरील उजनीचा जलाशय आहे. सारा प्रदेश पर्जन्यछायेतील आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेचा डावा कालवा आला आणि कालव्याखालील गावांत ऊस उभा राहिला. आज याच प्रदेशात बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या साहाय्याने व ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांच्या सहकार्याने कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेल्या ऊसशेतीचा प्रकल्प चालविला आहे. शेतातील हवामानयंत्र, मातीत पुरलेले सेन्सर आणि उपग्रहांची छायाचित्रे यांच्या आधारे गणित करून शेतकऱ्याच्या मोबाइलवर मराठीतून सूचना पाठविण्याची व्यवस्था त्यात आहे. २०२५ च्या आरंभी मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी भारतभेटीत बारामतीच्या या शेतीचा गौरवपूर्वक उल्लेख केला, हे सर्वश्रुत आहे. अशा प्रकल्पाचे कृषिशास्त्रीय मूल्यमापन हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. पुढील उदाहरणवाक्येही कोणत्याही एका संस्थेच्या सूचनांतून घेतलेली नसून या जातीच्या भाषेचा नमुना म्हणून रचिलेली आहेत.

‘जमिनीतील ओलावा ३० टक्के. पाणी द्या.’ हे वाक्य घेऊ. त्याच्या पूर्वार्धात मोजमाप आहे असे वाटते. वस्तुतः तेथेही अनुमानच आहे. मातीतील प्रचलित सेन्सर पाणी मोजीत नाहीत. ते मातीचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक मोजतात. पाण्याचा हा स्थिरांक सुमारे ८० आणि कोरड्या मातीचा ३ ते ५ असल्यामुळे, स्थिरांक वाढला तर पाणी वाढले असावे, असा निष्कर्ष काढिला जातो. माती क्षारयुक्त असेल तर तिची विद्युत्‌वाहकता वाढते आणि हे वाचन बिघडू शकते. कालव्याखालील भागात पाण्याच्या अतिवापराने जमिनी क्षारपड व चोपण होण्याचा अनुभव जुना आहे. म्हणजे जेथे पाणी बेताने देण्याची निकड अधिक, नेमक्या त्याच जमिनीत धूर आणि धुके यांची गल्लत होण्याचा संभव अधिक. ‘ओलावा ३० टक्के’ या निःशंक विधानात याचा मागमूसही राहत नाही.

दुसरी गोष्ट याहून अधिक भाषेच्या कक्षेतील आहे. शेकडा ३० ओल म्हणजे किती? भारी काळ्या जमिनीत ही ओल पिकाला अपुरी पडू लागलेली असू शकते. हलक्या, मुरमाड जमिनीत तेवढीच ओल म्हणजे पाणी साचल्यासारखे होय. संख्या एकच, अर्थ दोन. या प्रदेशातील शेतकऱ्याजवळ या अर्थासाठी नेमका शब्द आहे, तो म्हणजे ‘वाफसा’. मातीच्या पोकळ्यांत पाणी व हवा दोन्ही योग्य प्रमाणात असण्याची जी अवस्था, तिला वाफसा म्हणतात. जमीन वाफशावर येते, वाफसा येण्याची वाट पाहिली जाते, वाफसा नसता औत घालू नये असे सांगितले जाते. हा शब्द मातीच्या जातीस सापेक्ष आहे. प्रत्येक जमिनीचा वाफसा तिचा स्वतःचा असतो. वैज्ञानिक परिभाषेस जे टक्केवारी, मातीचा प्रकार आणि मुळांची खोली अशा तीन गोष्टी जोडून सांगावे लागते, ते येथे एका शब्दात सामावले आहे.

‘आर्द्रता’, ‘मृदा-ओलावा स्तर’ अशा शब्दांनी ही जागा भरून काढणे म्हणजे इंग्रजी शब्दाचा आकार तेवढा मराठीत आणणे होय. संस्कृतोद्भव शब्द आहेत म्हणून येथे तक्रार नाही. बारामती हे मोरोपंतांचे गाव. संस्कृतप्रचुर मराठीस परके ठरविणे त्या भूमीत तरी शोभणार नाही. परंतु आर्येचा श्रोता थांबून, पुन्हा ऐकून, पुराणिकाकडून अर्थ समजून घेऊ शकत असे. बांधावर उभ्या असलेल्या वाचकास एवढा अवसर नसतो. त्याच्यासाठी शब्दाची पात्रता ठरते ती कृतीशी असलेल्या त्याच्या नात्यावरून. ‘वाफसा’ हा शब्द कृतीशी बांधलेला आहे. ‘स्तर’ हा शब्द तक्त्याशी.

४

वाक्याच्या उत्तरार्धाकडे वळू. ‘पाणी द्या’ ही आज्ञा आहे. आज्ञा सार्थ होण्यास ज्याला ती करावयाची त्याच्या हाती ती पाळणे असावे लागते. नीरा डाव्या कालव्याखालील शेतकऱ्याच्या हाती पाणी देणे नेहमी असतेच असे नाही. कालव्याचे आवर्तन सुटले, चारीला पाणी आले आणि आपली पाळी आली, तर दारे धरावयाची. उजनीच्या फुगवट्यावरून उपसा करणाऱ्यास पाण्याचा तोटा एक वेळ नसेल. परंतु त्याचा पंप वीजपुरवठ्याच्या दिवस-रात्रीच्या पाळीवर चालतो. ‘पाळी’ हा शब्द दोन्हीकडे समान असावा, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. पाणी हे येथे मातीच्या गरजेवर जेवढे, तेवढेच माणसांमधील क्रमावर अवलंबून आहे. मातीत पुरलेल्या सेन्सरला मातीची तहान कळते. चारीवर पुढे कोणाचा नंबर आहे, वरच्या शेतकऱ्याने पाणी कधी सोडावयाचे, हे टिपणारा सेन्सर नाही.

तेव्हा प्रतिसादाचे खरे स्वरूप येथे संभाषणाचे असावयास हवे. ज्या गोष्टी सेन्सरला अगम्य आहेत त्या पानाने शब्दांनी विचाराव्यात आणि उत्तर मिळाल्यावर बोलावे. तांत्रिक दृष्ट्या हे दुर्घट नाही. बोललेले शब्द ओळखण्याची सोय देणारा एपीआय काही ब्राउझरांत आहे. गूगलने २०१७ मध्ये आपल्या आवाजी टंकनात मराठीचा समावेश केला. ‘पाण्याची पाळी कधी आहे?’ एवढे विचारणारे पान, माणसाला न विचारता दहा सेन्सरांची वाचने गोळा करणाऱ्या पानापेक्षा अधिक प्रतिसादी म्हणावे लागेल. कारण त्याने लक्षणांवर न थांबता सादेची वाट पाहिली.

५

मातीतील सेन्सर शेतात राहतो. मोबाइलमधील सेन्सर माणसाबरोबर फिरतात. त्यांपैकी सर्वांत अधिक वापर होतो तो स्थान कळविणाऱ्या व्यवस्थेचा. ब्राउझरमार्फत स्थान विचारण्याची प्रमाणित रीत डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने ऑक्टोबर २०१३ मध्ये शिफारस म्हणून मान्य केली. या रीतीतील एक तपशील भाषाभ्यासकाने आवर्जून पाहण्याजोगा आहे. ब्राउझर केवळ अक्षांश-रेखांश देत नाही. त्यांच्याबरोबर अचूकतेचा आकडाही मीटरमध्ये देतो. खरे स्थान त्या त्रिज्येच्या आत असण्याची खात्री शेकडा ९५ असावी, असा संकेत आहे. म्हणजे यंत्र यंत्राशी बोलताना आपले अनुमान हे अनुमान म्हणूनच सांगते. ‘असावे’ हा अर्थ आकड्यांत भाषांतरित होऊन तेथे उपस्थित आहे. पान हा आकडा वगळून नकाशावर एक ठिपका काढिते आणि ‘तुम्ही येथे आहात’ असे म्हणते, तेव्हा ‘असावे’ लुप्त होते. हा लोप तंत्राच्या मर्यादेमुळे झाला, असे म्हणता येणार नाही. मजकूर लिहिणाऱ्याने तो केलेला असतो.

शहरात या लोपाने फारसे बिघडत नाही. शेतात बिघडते. मोकळ्या आभाळाखाली साध्या मोबाइलचे स्थान सुमारे ५ मीटरांपर्यंत चुकू शकते; बांधाची रुंदी याहून कितीतरी कमी असते. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर चालू केलेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः शेतात जाऊन पिकाचे छायाचित्र काढतो व स्थानासह त्याची नोंद करितो. पूर्वी हे काम तलाठ्याच्या पाहणीने होत असे. ही नोंद ॲपद्वारे होत असली तरी तिच्यामागील सेन्सर तेच आहेत, आणि ती सातबाऱ्यावर जाते. बांधाच्या अलीकडे की पलीकडे, हा प्रश्न जेथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, तेथे ठिपक्याची पाच मीटरांची चूक ही क्षुल्लक बाब राहत नाही. अशा ठिकाणी ‘आपण या गटात असावेत, खूण बांधाजवळ आहे, खात्री करा’ हे वाक्य ‘स्थान निश्चित झाले’ या वाक्याहून लांब आहे, पण खरे आहे.

स्थान न मिळाल्याची कारणेही या प्रमाणित रीतीत तीन वेगवेगळी मानिली आहेत : वापरणाऱ्याने नकार दिला, स्थान उपलब्ध झाले नाही, ठरलेल्या वेळात उत्तर आले नाही. या तीन मौनांचा अर्थ अगदी भिन्न आहे. पहिले मौन माणसाची इच्छा आहे, दुसरे यंत्राची असमर्थता, तिसरे केवळ विलंब. पुष्कळ पाने तिन्हींना ‘काहीतरी चूक झाली’ असे एकच उत्तर देतात. नकार देणे ही चूक नव्हे. तिला चूक म्हणणे हा वापरणाऱ्याच्या इच्छेचा अवमान आहे. विलंबाला असमर्थता म्हटल्याने, थोडे थांबल्यास जे काम झाले असते ते सोडून माणूस घरी परततो.

६

आता अनुमतीचा विचार करू. स्थानासारखी माहिती पानास देण्यापूर्वी ब्राउझर वापरणाऱ्यास विचारतो. जे. एल. ऑस्टिन यांची भाषा वापरावयाची तर ‘अनुमती आहे’ असे म्हणणे हे विधान नसून कृती आहे. आणि तिच्या सिद्धीसाठी काही पूर्वअटी पुऱ्या व्हाव्या लागतात. कशास अनुमती, कोणास अनुमती, किती काळ अनुमती, हे ठाऊक नसता बोट टेकविले, तर पडद्यावर खूण उमटेल. अनुमती घडली असे म्हणता येणार नाही.

‘अनुमती’ हा शब्द मराठीत वडीलधाऱ्याकडून घ्यावयाच्या संमतीसाठी रूढ आहे. त्या अर्थी वापरणाऱ्यास तो मोठा मान देतो. परंतु मान देणाऱ्या या शब्दासमोर बहुधा दुसरी कळ असते ती ‘ब्लॉक करा’ अशी. या शब्दाचा बारामती-इंदापूरच्या कालव्याशी जुना संबंध आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्या यांनी नीरा कालव्यावर ‘ब्लॉक’ पद्धती आणली. तेथे ब्लॉक म्हणजे ज्याला पाण्याची हमी आहे असा जमिनीचा तुकडा. हाच उसना शब्द पडद्यावर मात्र अडविणे, बंद करणे या अर्थी येतो. या योगायोगावरून फार मोठा सिद्धांत काढण्याचे कारण नाही. उसना शब्दही मोकळा येत नसून तो ज्या व्यवहारातून येतो त्याचा अर्थ बरोबर आणतो, एवढे त्यावरून दिसते. ‘देऊ नका’ हा साधा मराठी पर्याय असता हा घोटाळा संभवला नसता.

याहून गंभीर अडचण कुटुंबव्यवहाराची आहे. ब्राउझर अनुमती लक्षात ठेवितो ती संकेतस्थळागणिक, माणसागणिक नव्हे. घरातील मुलाने एकदा दिलेली अनुमती तोच मोबाइल घेऊन शेतावर गेलेल्या वडिलांच्या बाबतीतही चालू राहते. प्रश्नातील ‘तुम्ही’ कोण, हे भाषेत अनिश्चित राहते आणि यंत्र ते निश्चित मानून चालते.

या बाबतीत कायद्याने उचललेले पाऊल स्वागतार्ह आहे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासंबंधीचा २०२३ चा केंद्रीय अधिनियम संमती मागणारा मजकूर स्पष्ट व साध्या भाषेत असावा, आणि तो इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत पाहण्याचा पर्याय द्यावा, असे सांगतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि संमतीविषयक तरतुदींच्या अंमलासाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. मराठी त्या अनुसूचीत आहेच. परंतु ‘साधी भाषा’ कशास म्हणावे, हे कायदा सांगू शकत नाही. ते ठरविण्याचे काम भाषाभ्यासकांचे आहे, आणि ते त्यांनी अंगावर घेतले नाही तर यांत्रिक भाषांतर ते परस्पर उरकून टाकील.

७

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, लहान पडद्यावर आज्ञार्थ हाच काटकसरीचा. ‘असावे’, ‘दिसते’ यांनी वाक्य लांबते आणि वाचणारा गोंधळतो. यात तथ्यांश आहे. तथापि ज्या शेतकऱ्याने आभाळ पाहून आयुष्यभर अंदाज बांधिले, त्यास अनिश्चितता समजणार नाही असे मानणे योग्य नव्हे. अंदाजाने वागणे त्यास उत्तम येते. अंदाज निश्चितीच्या वेषात आला तर मात्र तो फसतो. दुसरा आक्षेप असा की, नवे शब्द वापराने रुळतात. ‘मोबाइल’ रुळला तसा ‘आर्द्रता स्तर’ही रुळेल. रुळेल हे खरे. पण ‘मोबाइल’ने मराठीतील एखादा नेमका शब्द हुसकून लाविला नव्हता, येथे ‘वाफसा’ मागे पडेल, आणि त्याबरोबर त्यात साठविलेला विवेकही.

सेन्सरांच्या इतिहासात संयमाची उदाहरणे आहेत, ही आशेची बाब होय. यंत्राची बॅटरी किती उरली हे सांगणारा एपीआय निरुपद्रवी मानिला गेला होता. त्यावरून माणसाचा माग काढिता येतो असे संशोधकांनी २०१५ मध्ये दाखविल्यावर फायरफॉक्सने २०१७ साली तो पानांसाठी बंद केला. २०१९ पासून आयफोनवरील पानास यंत्राची हालचाल जाणण्यापूर्वी विचारावे लागते. तंत्रज्ञांनी असे दोनदा थांबून पाहिले. मजकूर लिहिणाऱ्यांनी तसे थांबून पाहिल्याची उदाहरणे मात्र विरळा आहेत.

सेन्सरयुक्त मराठी पानाची परीक्षा करणाऱ्यास यावरून चार प्रश्न हाती घेता येतील. पान जे सांगते ते पाहिलेले की अनुमानिलेले, हे क्रियापदावरून कळते का? त्या अवस्थेस बोलीत रूढ असलेला शब्द डावलला गेला आहे का? माणसाचा नकार व यंत्राची असमर्थता यांना वेगळी वाक्ये आहेत का? आणि ज्या गोष्टी सेन्सरला कळू शकत नाहीत त्या पान विचारते का? ‘ओलावा ३० टक्के. पाणी द्या.’ या वाक्याच्या जागी ‘काळ्या रानातला वाफसा सरत आलासा दिसतो. पाण्याची पाळी कधी आहे?’ असे वाक्य उभे करून पाहावे. या दुसऱ्या वाक्यासाठी एकही नवा सेन्सर लागत नाही. शेतजमिनीची नोंद आणि लिहिणाऱ्यास तेथील मराठी येणे, एवढे त्यासाठी पुरते.